हप्ते कमी करावेत

प्रिय फूटपट्टी,

वाचवलेली वर्षं माणसं कुठे ठेवतात? पैसे वाचवले तर बँकेत ठेवतात, साखर वाचवली तर डब्यात. पण कर्ज मुदतीआधी फेडून जी वर्षं वाचतात ती कुठे जमा होतात, आणि गरज पडली तर काढता येतात का? प्रश्न माझा नाही, आत्याचा. आमच्या रविवारच्या बैठकीत तिनं तो टाकला आणि मी, घराण्यातली पहिली पदवीधर, मूग गिळून बसले. तेव्हा उत्तर आलं नाही आणि अजूनही येत नाही, त्यामुळे या पत्रात ते शोधू नकोस. दुसरं बरंच सांगायचं आहे. पत्र शेवटाकडून वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. या वेळी तेवढं करू नकोस, ओळीनं वाच. अक्षर हललेलं दिसेल, त्याचा अर्थ लावत बसू नकोस. या टेबलाचा एक पाय आखूड आहे, बाकी काही नाही.

तुझं मागचं पत्र मी इतक्या वेळा उघडलं की घडीवर कागद फाटायला आला. कचेरी तुला राहायला जागा देते आहे. दोन खोल्या, बंद केला तरी गळणारा नळ आणि खिडकीसमोर खडीचा ढीग. पण ती जागा बिऱ्हाड करणाऱ्यांसाठी आहे. तू एकटाच असशील तर ती दुसऱ्या कुणाला जाणार आणि तू पुन्हा त्या तिघांच्या खोलीत, घोरणाऱ्या आराखडेवाल्याच्या शेजारी. एवढं सगळं लिहून शेवटी तू फक्त 'कळव' असं लिहिलंस. कधी येतेस, असं तू आजवर एकदाही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर भांडता तरी आलं असतं. 'कळव' या शब्दाशी माणसानं कसं भांडायचं?

तीन वर्षांचा शब्द माझाच होता, हे मी विसरले नाही. बंद पडलेल्या वह्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी तुला सांगितलं होतं, की घराचं कर्ज निल झाल्याशिवाय मी त्या घरातून हलणार नाही, आणि तीन वर्षांत ते निल करून दाखवीन. तू विचारलंस, पक्कं की अंदाजे? तू पडलास मोजणीवाला, तुला अंदाज चालत नाही. मी म्हटलं, पक्कं. पुढे तुला त्या लांबच्या रस्त्याच्या कामावर धाडलं, आणि येत्या उन्हाळ्यात ती तीन वर्षं पुरी होतात.

गंमत म्हणजे तू आमच्या गल्लीत आलास तोच आमचं घर पाडायला, असं आम्हाला वाटलं होतं. रस्ता रुंद होणार, भिंती जाणार, अशी आवई उठली होती. नवं घर, नुकतंच काढलेलं कर्ज अंगावर, आणि तू तिपाई खांद्यावर टाकून शीळ घालत आलास. मी दाराशी कमरेवर हात ठेवून उभी. तुला माझा अवतार दिसला नसावा, कारण तू फितीचं टोक माझ्या हातात दिलंस, 'जरा धरता का' म्हणालास, आणि फीत उलगडत गल्लीच्या त्या टोकाला गेलास तो गेलासच. मी आपली टोक धरून उभी, आणि तू तिकडे चहावाल्याशी क्रिकेटवर बोलतो आहेस. आमची भिंत रेषेच्या वीतभर आत निघाली, म्हणजे वाचली. आईनं तुला पाणी दिलं, आत्यानं तुला आमच्या तीन पिढ्यांची माहिती दिली, आणि बाबा तेवढे खडूच्या खुणेकडे बघत राहिले. तू गेल्यावर ते म्हणाले, माणूस नीट मोजतो. बाबांच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती मी तरी ऐकलेली नाही.

घरी काय चाललं होतं ते तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे, आज सलग सांगते. बाबा पाणीपुरवठ्यात पंप चालवतात, कुठल्या भागाला कधी पाणी सोडायचं ते त्यांच्या हातातल्या व्हॉल्ववर ठरतं. आई हॉस्पिटलच्या कपडेखान्यात आहे, तिथं विरलेल्या चादरी मधोमध फाडून, कडा आत घेऊन ती पुन्हा शिवते. आत्या सिनेमाच्या तिकीट खिडकीवर होती. थिएटर बंद झालं, पण तिचा आवाज अजून हाउसफुल्लचाच आहे. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत वाढलो. घरमालक महिन्याच्या पहिल्या तारखेला दार वाजवायचा, आणि तो वाजवण्याआधीच आई उठून उभी राहायची. ते मला बघवत नसे. म्हणून बाबांनी कर्ज काढून घर घेतलं तेव्हा सगळ्यात जास्त मी नाचले, आणि बँकेचा कागद वाचल्यावर सगळ्यात आधी मीच गप्प झाले. शेवटचा हप्ता बाबांच्या निवृत्तीच्या पुढे जात होता. पगार थांबल्यावर हप्ता कोण भरणार? आई पुन्हा दारावरच्या थापेआधी उठून उभी राहणार?

तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि त्या वयात माणसाला जे वाटतं ते मला जरा जास्तच वाटत होतं. आमच्यासारखं घर नुसत्या शिस्तीनं, कुणापुढे हात न पसरता मोकळं होऊ शकतं, हे मला सिद्ध करायचं होतं. विमा कंपनीत नोकरी लागली त्याच आठवड्यात मी रविवारची बैठक सुरू केली. माझा पगार सगळा बाजूला, आईच्या पगारातला एक भाग बाजूला, आणि वर्षाच्या शेवटी ती सगळी रक्कम कर्जात जादा भरायची. घर बाबांच्या पगारावर आणि आईच्या उरलेल्यावर. आत्यानं मला लगेच अर्थमंत्री केलं आणि स्वतःकडे विरोधी पक्षाचं काम घेतलं. चहा दोनदाच का, याच्यावर तिनं सभात्याग केला होता, आणि बाहेर जाऊन शेजारी चहा पिऊन आली होती. थंडीत फ्रिज बंद. खिडक्यांना पडद्यांऐवजी जुनी कॅलेंडरं, मागची बाजू बाहेर करून. मी ऑफिसला चालत जायची आणि चालण्याचे फायदे सगळ्यांना सांगत सुटायची. आई फक्त माझ्या चपलांचे तळ बघायची. बाबांचा अहवाल एका शब्दाचा असे. हप्ता त्यांच्या खात्यातून परस्पर जायचा, आणि मी विचारलं की ते म्हणायचे, "कापला." झालं, पुढचा विषय.

आणि मग तो निल. सगळ्याच गोष्टी निल झाल्यावर करायच्या होत्या, त्यामुळे तो शब्द आमच्या घरात एखाद्या पाहुण्यासारखा वावरायला लागला. निल झाला की पडदे. निल झाला की आत्याचा चष्मा. निल झाला की हिचं लग्न. शेजारच्या काकूंची आणि आमची भिंत एकच, आणि भिंतीला नसले तरी काकूंना कान आहेत. त्यांनी एक दिवस आईला अडवलं आणि विचारलं, काय हो, हा नील कोण? सारखं नील आला की, नील आला की, ऐकते मी. आईच्या तोंडून खरं तेच गेलं. म्हणाली, तो बँकेत आहे. काकू खूश झाल्या. पुढच्या आठवड्यात गल्लीत झालं की माझं बँकेतल्या मुलाशी ठरलं आहे, फक्त त्याला यायला वेळ आहे. मी तुला हे तेव्हा कळवलं होतं, आणि तू उत्तरात लिहिलं होतंस, त्या नीलला सांग की रांगेत मी आधी आहे. मी हसले होते. पण खरं सांगू, रांगेत तो पुढेच होता. मीच त्याला पुढे उभा केला होता.

दुसऱ्या वर्षापासून घर सैल झालं. महिनाअखेरीची ओढाताण थांबली. आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, छतावरची टाकी बदलली, आईनं न विचारता पडदे आणले, आणि तरीही भागलं. मला वाटलं, माझं नियोजन फळाला आलं. मी रविवारी त्यावर छोटंसं भाषणही केलं. आत्या म्हणाली, मंत्रिणबाई, टाळ्या वाजवू की तेही निल झाल्यावर?

आता बँकेचं ऐक. बँकेचं काम बाबा कुणाला करू देत नाहीत. घर त्यांच्या नावावर, अर्ज त्यांच्या हातचा. सातवीपर्यंतच शिकले, पण अक्षर असं की छापल्यासारखं. जादा रक्कम भरताना बँक एक अर्ज मागते, तो ते स्वतः लिहायचे, आणि मी सुचवलेले मोठमोठे शब्द नाकारून साधं सरळ लिहायचे. या खेपेला तिसरी आणि शेवटची मोठी रक्कम भरायची होती. माझ्या हिशोबानं त्यानंतर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके हप्ते उरणार होते. म्हणून बाबा मला म्हणाले, चल, तुझ्यामुळे झालं, तू असलीस पाहिजेस. त्यांनी बुटांना पॉलिश केलं होतं. पंपावरचे बूट ते, पॉलिश त्यांना सोसेना, चिरांमधून काळं बाहेर येत होतं.

खिडकीवर एक शांत बाई होत्या. बाबांनी चेक आणि अर्ज दिला, आणि आता हप्ते किती उरतील असं विचारलं. बाईंनी बघून सांगितलं, आणि आम्हाला वाटलं त्यांनी दुसऱ्याच कुणाचं खातं उघडलं. शेवटची तारीख जिथल्या तिथे होती. पहिल्या कागदावर होती तीच, बाबांच्या निवृत्तीच्या पलीकडे. मी म्हटलं, असं कसं होईल, आम्ही दोनदा एवढे पैसे भरले. बाई म्हणाल्या, भरलेत ना, म्हणून तर हप्ता कमी झाला, पहिल्यापेक्षा निम्म्याहून खाली आलाय. तुम्ही तेच मागितलं होतं. आणि त्यांनी बाबांचे जुने अर्ज काढून काचेखाली सरकवले. तेच छापल्यासारखं अक्षर. 'जादा रक्कम भरत आहे. तरी हप्ते कमी करावेत.'

बाबा म्हणाले, अहो, हप्ते म्हणजे हप्ते. हप्ता नव्हे. बाई म्हणाल्या, मग आम्ही हप्तेच कमी केले की, एकूण एक सगळे कमी केले. बाबा म्हणाले, मोजायला कमी हो, मोजायला. बाई म्हणाल्या, आम्हाला वाटलं, भरायला कमी. मागं रांगेतला एक माणूस म्हणाला, मला तर दोन्ही कमी करून हवेत, मिळतील का? कुणी हसलं नाही, म्हणजे मला तरी ऐकू आलं नाही.

मला वाटलं बाबा तिथंच खचतील. ते खचले नाहीत. त्यांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला, स्वतःचं अक्षर ओळखीचं आहे का ते बघावं तसा. मग हळूच मला म्हणाले, टाकीतून पाणी कमी सोडायचं असेल तर दोन वाटा असतात. तासभर सोडायचं ते अर्धा तास सोडा, नाहीतर व्हॉल्व बारीक करा. मी म्हणत होतो वेळ कमी करा, यांनी व्हॉल्व बारीक केला. हप्ता उतरलेला मला दिसत होता गं, मला वाटलं व्याज उतरलं असेल. मग त्यांनी चेक परत मागून घेतला आणि बाईंना म्हणाले, आधी घरी विचारतो. बाहेर आल्यावर आम्ही घरी चालत निघालो. मला तेव्हा कळलं की दुसऱ्या वर्षी घर सैल का झालं होतं. टाकी, पडदे, आत्याचे डोळे, सगळं त्या बारीक झालेल्या हप्त्यातून आलं होतं. माझ्या नियोजनातून नाही. माझं ते भाषण मला आठवलं आणि कान तापले.

त्या रविवारी मी नवा हिशोब घेऊन बसले. घाबरण्यासारखं काही नव्हतं, खरंच नव्हतं. जादा भरलेले पैसे कुठे गेले नव्हते, मुद्दल बरंच उतरलं होतं. माझा पगार आणखी दीड वर्ष तसाच लावला तर निल. मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. आणि सांगता सांगता मनात तुला पत्र लिहीत होते, आणखी फक्त दीड वर्ष, जागा जाऊ दे, दुसरी मिळेल. तेव्हा आत्यानं तो प्रश्न टाकला. म्हणाली, ही जी तू आमची वर्षं वाचवते आहेस ती ठेवते आहेस कुठे, ते एकदा दाखव मला. मग ती म्हणाली, बाबांची वाचव, आईची वाचव, पण तुझी खर्च होताहेत त्याचं काय? मी म्हटलं, मी खर्च करत नाहीये, मी थांबले आहे. ती म्हणाली, खिडकीवर उभं राहून मी आयुष्यभर लोकांना तिकिटं विकली बाई, थांबणारा कोण आणि लपणारा कोण, ते मला लांबून कळतं. बाबा तिच्यावर डाफरले. ती उठून शेजारी चहाला गेली.

मी चिडले, दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. पण शब्द आत गेलेला असला की न बोलून तो बाहेर येत नाही. तुला हे आधीच कळलं होतं का? मला भीती वाटत होती. तुझी नाही. माझ्यावाचून ते घर पडेल याची नाही, तर पडणार नाही याची. तीन वर्षं मी जर त्या घराचा खांब नसेन तर मग मी कोण, हे मला माहीत नव्हतं. आकडा पक्का आहे असं मी तुला सांगितलं होतं, आणि तो गाठेपर्यंत दुसरं काही ठरवायला लागू नये, हीही त्यात एक सोय होती.

आईनं मात्र वाद घातला नाही. तिनं काय केलं ते ऐक. महिना संपला तसं तिनं माझा त्या महिन्याचा पगार, मी तिच्या हातात दिला होता तसाच, त्याच पाकिटात, माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, मोजून घे, एकाही नोटेला हात लावलेला नाही, जादा भरायच्या पैशांतही टाकलेला नाही. या महिन्यात हप्ता गेला, वाणी झाला, वीज झाली, आत्याचे थेंब झाले. तुझ्याशिवाय. मी म्हटलं, आई, पण निल? ती म्हणाली, अगं, चादर मधे विरली की आम्ही टाकून देत नाही, पण कडाच मधे घेतो म्हणून सगळी चादर कडांचीच करत नाही. मला ते नीट कळलं नाही, तिलाही सांगून झाल्यावर कळलं नसावं, कारण ती हसायला लागली. मग म्हणाली, जा की तू. मला वाईट वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. कुणी आपल्याला मोकळं केलं की आधी हलकं वाटायच्या ऐवजी कुणीतरी हात सोडल्यासारखं वाटतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, आणि आईनं मला रडू दिलं. तिकडे आत्या बाहेरून ओरडली, मंत्रिमंडळ कोसळलं का?

बाबांना समजवायला वेळ लागला. ते म्हणाले, एका मात्रेच्या घोळानं मुलगी घराबाहेर जाणार का? आत्या म्हणाली, दादा, मुलगी त्या मात्रेनं जात नाहीये, त्या मात्रेनं ती जाऊ शकते आहे. त्यावर ते तीन दिवस नुसते पंपावर गेले आणि आले. चौथ्या दिवशी सुट्टी घेऊन एकटेच बँकेत गेले, चेक घेऊन, आणि नव्यानं लिहिलेला अर्ज त्यांनी त्या बाईंना आधी मोठ्यानं वाचून दाखवला. हप्ता आत्ता आहे तेवढाच ठेवावा, त्याहून कमी करू नये. मुदत कमी करावी. मुदत म्हणजे काळ. बाई म्हणाल्या, काका, कळलं. बाबा म्हणाले, कळलं तर तुमच्या शब्दांत सांगा बघू. त्यांनी सांगितल्यावरच सही केली. आता त्या दोघांच्या पगारावर, माझा एक पैसाही न घालता, बाबांच्या निवृत्तीच्या बरंच आधी घर मोकळं होतं. घरी आल्यावर मला म्हणाले, दाब कमी असला तरी टाकी भरते गं. वेळ लागतो एवढंच. तू तुझं बघ. आणि तो मोजणीवाला अजून मोजतो ना नीट?

तर आता, हे सगळं मी लिहून का कळवते आहे. कारण हे सगळं मी तुला तोंडानं सांगायला आले होते. आमच्या कंपनीची शाखा तुझ्या गावात आहे, तिथं माणूस हवा होता, मी बदली मागून घेतली, आणि गेल्या सोमवारपासून मी या शाखेत काम करते. काल संध्याकाळी वाक्यं पाठ करत तुझ्या दारापर्यंत आले, तर कुलूप. तुझा आराखडेवाला जिन्यात भेटला. तू पुलाच्या कामावर गेलास, शनिवारी येशील, म्हणाला. मी कोण, असं त्यानं विचारलं, तर मी फक्त पत्र देते म्हटलं. आज ते तुझ्या दाराखालून सरकवते. वाचून तुझं मन बदललं आहे असं तुझ्या लक्षात आलं, तर ते मला सरळ सांग. मी बदली रद्द करणार नाही. एका निवृत्त नर्सबाईंच्या घरात वरची खोली घेतली आहे, एक खिडकी, एक पलंग, हे लंगडं टेबल, आणि शनिवारी दुपारनंतर मी घरी असेन. तीन महिन्यांचं भाडं काल आगाऊ भरलं. माझ्या पगारातून, माझ्या नावावर, कुणालाही न विचारता.

तुझीच,
दोन गल्ल्या पलीकडून